ॲल्युमिनियमच्या इंजिनभागांतील आट्यांची दुरुस्ती

मोटारीच्या इंजिनातील ॲल्युमिनियमच्या ओतीव भागांत (सिलिंडर हेड, ब्लॉक, ऑईल चेंबर इत्यादी) बोल्ट किंवा प्लग बसवण्यासाठी आतून पाडलेले आटे झिजले, ओरबाडले गेले अथवा पूर्णपणे कापले गेले असता ती जागा पुन्हा भार पेलण्यास योग्य करण्याच्या कामाला आट्यांची दुरुस्ती म्हणतात. पारिभाषिक मराठीत आट्यांसाठी मळसूत्र असा शब्द आहे. परंतु कारखान्यांत व गॅरेजांत आटे हाच शब्द रूढ असून या बिघाडाचे वर्णनही ‘आटे गेले’ एवढ्या दोन शब्दांत केले जाते.

बहुसंख्य वेळा ही दुरुस्ती भोक थोडे मोठे करून, त्यात मोठ्या व्यासाचे नवे आटे पाडून आणि त्या आट्यांत पोलादी तारेची गुंडाळी किंवा पोलादी बुश बसवून केली जाते. त्यामुळे मूळ मापाचाच बोल्ट पुन्हा वापरता येतो. काम काटेकोर झाले तर दुरुस्त केलेले भोक मूळ भोकापेक्षा अधिक भार पेलते. ते वाकडे झाले, किंवा जागा न पाहता चुकीची पद्धत निवडली गेली, तर एका बोल्टापायी संपूर्ण हेड किंवा ब्लॉक बाद होऊ शकतो.

मऊ धातू, कठीण बोल्ट

ॲल्युमिनियम वजनाला पोलादाच्या सुमारे एकतृतीयांश असते व उष्णता फार चांगली वाहून नेते. या दोन गुणांमुळे हेडसाठी आणि पुढे ब्लॉकसाठीही बिडाच्या जागी त्याचा वापर वाढत गेला. मात्र आट्यांच्या दृष्टीने पाहता हा धातू दुबळा आहे. सामान्य ८.८ प्रतीच्या पोलादी बोल्टाची ताणशक्ती ८०० मेगापास्कल असते, तर इंजिनाच्या ओतकामात वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंची साधारणपणे २०० ते ३०० मेगापास्कल. असा बोल्ट अशा भोकात प्रमाणाबाहेर आवळला की आधी हार खातात ते भोकातील आटे. एका अर्थी ही दुर्दैवाची बाब आहे, कारण बोल्ट काही रुपयांत नवा मिळतो, हेड मिळत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी ॲल्युमिनियममध्ये बोल्ट अधिक खोल बसवावा लागतो. पोलादी नटाची उंची बोल्टाच्या व्यासाच्या जवळपास ०.८ पट असली तरी पुरते. ॲल्युमिनियममध्ये दीडपट ते दुप्पट खोली घेण्याचा प्रघात आहे. मात्र खोली वाढवून मिळणाऱ्या लाभालाही मर्यादा असते. भार सर्व आट्यांवर सारखा वाटला जात नाही. तोंडाजवळचा पहिला आटाच सुमारे एकतृतीयांश भार घेतो आणि पुढच्या प्रत्येक आट्यावरचा वाटा कमी होत जातो. म्हणून पहिले दोनतीन आटे कापले गेले की उरलेले फार काळ टिकत नाहीत. ‘खाली अजून आटे आहेत, चालेल’ हा युक्तिवाद येथे फसवा ठरतो.

उष्णतेने होणारे प्रसरण हा दुसरा प्रश्न. तापमान १०० अंश सेल्सियसने वाढले असता १०० मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा भाग सुमारे ०.२३ मिमी वाढतो, तर तेवढाच लांब पोलादी बोल्ट अवघा ०.१२ मिमी. थंड असताना योग्य ताणाने आवळलेला हेडचा बोल्ट इंजिन तापल्यावर आपोआप अधिक ताणला जातो आणि हा वाढीव ताण अखेर आट्यांवरच येतो. गाडी चालू-बंद होण्याच्या प्रत्येक फेरीत हे घडत राहते.

आटे जाण्याची कारणे

सर्वांत सामान्य कारण म्हणजे गरजेपेक्षा जास्त आवळणे. ऑईल बदलताना ड्रेन प्लग दर वेळी ‘थोडा आणखी’ आवळला जातो आणि चारपाच वेळांनंतर एके दिवशी तो फिरतच राहतो. आवळण्यासाठी लावलेल्या पिळापैकी सुमारे नऊदशांश भाग बोल्टाच्या माथ्याखालील व आट्यांमधील घर्षणातच खर्च होतो. प्रत्यक्ष पकड निर्माण करण्यास उरतो तो जेमतेम एकदशांश. यातून एक गोष्ट निघते, जिच्याकडे अनेकदा दुर्लक्ष होते. कोरड्या आट्यांसाठी दिलेला पीळ तेल लावलेल्या आट्यांवर वापरला, तर घर्षण घटून तोच पीळ कितीतरी जास्त ताण उत्पन्न करतो. पाना बरोबर आकडा दाखवतो आणि तरीही आटे जातात.

बोल्ट तिरका धरून पान्यानेच सुरुवात करणे हे दुसरे कारण. बिडाच्या भोकात तिरका बोल्ट अडतो व कारागिराला इशारा मिळतो. ॲल्युमिनियममध्ये तो अडत नाही, स्वतःचा वेगळा मार्ग कापत जातो. पहिले काही फेरे नेहमी हातानेच द्यावेत, या गॅरेजमधील जुन्या शिकवणीचे मूळ येथे आहे.

पोलाद व ॲल्युमिनियम ओलाव्यात, विशेषतः मीठयुक्त ओलाव्यात, एकमेकांना लागून राहिले की ॲल्युमिनियम गंजते. त्याचा पांढरा, पिठूळ गंज आट्यांच्या फटीत फुगून बोल्ट जाम करतो. असा बोल्ट जोराने फिरवला तर तो आपल्यासोबत भोकातील आटेही ओढून आणतो. बंद तळाच्या भोकात तेल किंवा कूलंट साचलेले राहणे हे आणखी एक कारण असून परिणामांच्या दृष्टीने ते सर्वांत गंभीर होय. द्रव दाबला जात नाही, बोल्ट त्यावर दट्ट्यासारखा दाब देतो आणि आट्यांऐवजी कधीकधी ओतकामच तडकते. तडकलेल्या भोकाला या लेखातील कोणतीही पद्धत उपयोगी पडत नाही.

बिघाडाची ओळख

आवळताना विरोध वाढत जाण्याऐवजी एकाएकी कमी झाला, किंवा काढलेल्या बोल्टाच्या आट्यांत रुपेरी तारेसारखा धातू गुंडाळलेला आढळला, तर भोकातील आटे गेले असे समजावे. बोल्ट आवळला जातो पण थोड्या वेळाने सैल सापडतो, हे अर्धवट गेलेल्या आट्यांचे लक्षण आहे. दुरुस्ती ठरवण्यापूर्वी भोक स्वच्छ करून उजेडात पाहणे, त्याची खोली मोजणे आणि भोकाभोवतीच्या भिंतीची जाडी तपासणे आवश्यक असते. भिंत पातळ असल्यास भोक मोठे करण्यास जागाच उरत नाही.

बोल्ट तुटून आत राहिला असेल तर आधी तो काढावा लागतो. तुकडा वर डोकावत असल्यास त्यावर नट ठेवून वेल्डिंग करणे हा उत्तम मार्ग; वेल्डिंगच्या उष्णतेने ॲल्युमिनियम पोलादापेक्षा अधिक पसरून पकडही सैल होते. तुकडा आत असेल तर त्याच्या बरोबर मध्यावर खूण करून उलट्या फिरकीच्या ड्रिलने भोक पाडतात. मध्य चुकला की ड्रिल कठीण पोलादावरून घसरून शेजारच्या मऊ ॲल्युमिनियममध्ये शिरते. उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर अशा वेळी मोहात पाडतो. परंतु तो अतिशय कठीण व ठिसूळ पोलादाचा असल्याने आत तुटला तर साध्या ड्रिलने कापला जात नाही. मग ठिणगी-क्षरण यंत्राने तो जाळून काढण्याखेरीज मार्ग उरत नाही.

सोप्या उपायांपासून सुरुवात

प्रत्येक बिघाडाला बुशाची गरज नसते. आटे केवळ मळले, गंजले किंवा तोंडाशी थोडे चेपले असतील तर आटे साफ करणारा चेसर फिरवणे पुरते. चेसर आणि कापणारा टॅप यांत फरक आहे. टॅप धातू कापतो आणि आधीच झिजलेले आटे आणखी बारीक करतो. चेसर आटे सरळ करतो, शक्यतो धातू न काढता.

अनेक भोकांत आटे बोल्टाच्या टोकाच्याही खालपर्यंत पाडलेले असतात. अशा ठिकाणी वरचे आटे गेले तरी खालचे शाबूत असतात व चारपाच मिमी लांब बोल्ट लावून काम भागते. मात्र लांब बोल्ट तळाला टेकत नाही हे पाहावे लागते. टेकला तर तो आवळल्यासारखा वाटतो, पण भाग धरत नाही. पुढच्या मापाचा बोल्ट वापरणे, उदाहरणार्थ ६ मिमीच्या जागी ८ मिमीचा, हाही जुना उपाय आहे. त्यासाठी वरच्या झाकणातील भोकही मोठे करावे लागते आणि पुढे काम करणाऱ्याला वेगळा पाना घ्यावा लागतो. ड्रेन प्लगसाठी बाजारात मिळणारे, स्वतःच आटे कापत जाणारे जाड प्लग हा वेळ मारून नेण्याचा उपाय होय. ते क्वचितच सरळ बसतात, कीस चेंबरमध्ये सोडतात आणि पुढच्या योग्य दुरुस्तीसाठी उरलेला धातूही खातात.

धातूमिश्रित इपॉक्सी भरून आटे उठवण्याची पद्धत झाकणे, पट्ट्या अशा हलक्या भाराच्या जागी चालते. हेडचे बोल्ट किंवा स्पार्क प्लग यांसाठी ती वापरू नये.

तारेची गुंडाळी

या पद्धतीत स्टेनलेस पोलादाच्या तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी भोकात बसवतात. तारेचा छेद समभुज चौकोनाच्या आकाराचा असतो. त्यामुळे गुंडाळीच्या बाहेरील कडा ॲल्युमिनियममध्ये पाडलेल्या आट्यांत बसतात आणि आतील कडा मूळ मापाचे नवे आटे बनतात. हेली-कॉईल हे एका उत्पादनाचे व्यापारी नाव असले तरी बोलीभाषेत या सर्वच गुंडाळ्यांना तेच नाव पडले आहे. ही वस्तू केवळ दुरुस्तीची मानणे चुकीचे आहे. विमानांच्या हलक्या धातूच्या भागांत वारंवार उघडावे लागणारे आटे नवे असतानाच अशा गुंडाळ्यांनी मजबूत केले जातात.

गुंडाळीसाठी लागणारा टॅप नेहमीचा नसतो; त्याची चाल मूळ बोल्टाइतकीच, पण व्यास मोठा असतो. ८ मिमी व्यास व १.२५ मिमी चालीच्या बोल्टासाठी सुमारे ८.३ ते ८.४ मिमीचे ड्रिल वापरतात आणि नव्या आट्यांचा बाहेरील व्यास सुमारे ९.६ मिमी होतो. याचा अर्थ असा, की ॲल्युमिनियमचा जो पृष्ठभाग कातरला जाण्यास विरोध करतो तो जवळजवळ एकपंचमांशाने वाढतो. दुरुस्त भोक मूळ भोकापेक्षा मजबूत का ठरते, याचे उत्तर या वाढीत आहे, पोलादी तारेच्या कठीणपणात नव्हे.

ड्रिल व टॅप पृष्ठभागाशी अचूक काटकोनात चालवणे ही या कामातील खरी कसोटी. भाग सुटा करता येत असेल तर तो उभ्या ड्रिल यंत्रावर बांधून काम करावे. इंजिनावरच करायचे असल्यास सरळ भोक असलेला जाड ठोकळा मार्गदर्शक म्हणून वापरतात. टॅप फिरवताना रॉकेल किंवा कापण्याचे तेल घालून, अर्धापाऊण फेरा पुढे आणि थोडा मागे अशा चालीने कीस तोडत जातात. ॲल्युमिनियमचा कीस टॅपला चिकटतो व तसाच पुढे रेटला तर नवे आटे फाडतो.

गुंडाळीचा मोकळा व्यास भोकापेक्षा किंचित मोठा असतो. बसवण्याच्या हत्याराने ती पिळून आत फिरवली जाते व सोडल्यावर बाहेरच्या बाजूस ताणून बसते. तिचा वरचा फेरा पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली राहिला पाहिजे. तो वर डोकावला तर गॅस्केट किंवा झाकण नीट टेकत नाही, शिवाय बोल्ट काढताना गुंडाळीही बाहेर येते. खालच्या टोकाला आडवी वळवलेली जिभली असते. हत्यार तिलाच धरून गुंडाळी फिरवते आणि काम झाल्यावर ती ठोकून तोडतात. आरपार भोकात ही तुटलेली जिभली इंजिनात पडू नये, म्हणून ती चिमट्याने काढून घेणे किंवा जिभलीविरहित गुंडाळी वापरणे श्रेयस्कर.

भरीव बुश

आतून व बाहेरून आटे असलेली पातळ भिंतीची पोलादी नळी म्हणजे भरीव बुश. टाइम-सर्ट हे या प्रकारातील प्रसिद्ध नाव आहे. त्याच्या तोंडाशी लहान कॉलर असते, ती हेडमध्ये कापलेल्या खाचेत बसते व बुश ठरावीक खोलीच्या पुढे जात नाही. खालचे काही आतील आटे मुद्दाम अर्धवट ठेवलेले असतात. बसवण्याचे हत्यार त्यांतून जाताना ते बाहेर रेटले जातात आणि बुश ॲल्युमिनियममध्ये कायमचा आवळला जातो. दुसऱ्या एका प्रकारात बुशाच्या कडेला लहान उभ्या पाचरी असतात, त्या वरून ठोकून अडकवतात. मात्र त्या प्रकाराला भोक बरेच मोठे लागते.

गुंडाळीपेक्षा बुश महाग पडतो, त्याची हत्यारेही महाग असतात. जो बोल्ट वर्षानुवर्षे उघडायचा नाही व ज्यावर दाबाखालचा वायू नाही, तेथे गुंडाळी पुरेशी आहे. वारंवार उघडणाऱ्या जागी, आणि विशेषतः स्पार्क प्लगसाठी, बुशच योग्य.

स्पार्क प्लगचे भोक

आट्यांच्या दुरुस्तीतील सर्वांत नाजूक जागा ही होय. ज्वलनकक्षातील दाब ६० बार धरला, तर १४ मिमी व्यासाच्या प्लगवर सुमारे ९२० न्यूटनचा, म्हणजे ९४ किलोग्रॅम वजनाइतका, धक्का बसतो. चार धावांच्या इंजिनात मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वेगाने असे धक्के प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला १५०० वेळा बसतात. आटे दुबळे असतील तर प्लग आधी सैल होतो, फटफट आवाज करीत वायू सोडतो आणि शेवटी कॉईलसह बाहेर फेकला जातो. फोर्डच्या ट्रायटन मालिकेतील दोन झडपांच्या व्ही-८ व व्ही-१० इंजिनांच्या सुरुवातीच्या हेडांत प्लगला जेमतेम चार आट्यांची पकड होती; १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनच्या अशा गाड्यांत प्लग उडण्याचे प्रकार एवढे झाले की केवळ त्यासाठी बुशांचे खास संच बाजारात आले. नंतरच्या हेडांत आट्यांची संख्या वाढवण्यात आली.

प्लग आपली उष्णता मुख्यत्वे बैठकीतून व आट्यांतून हेडला देतो. त्यामुळे बुश आखूड असून चालत नाही आणि लांब असूनही चालत नाही. आखूड बुशाखाली प्लगचे उघडे आटे काजळीने भरतात व पुढे प्लग काढताना तेच बुशाला खेचतात. लांब बुशाची कडा ज्वलनकक्षात डोकावली तर ती लाल होऊन ठिणगीआधीच मिश्रण पेटवू शकते. १२.७, १९ आणि २६.५ मिमी अशा प्लगच्या रूढ लांबींशी जुळणारा बुश निवडावा लागतो. साधी तारेची गुंडाळी येथे अनेकदा वापरली जाते, पण प्लगबरोबर तीही फिरून बाहेर येण्याची भीती राहते आणि वायू रोखण्यासाठी तिला कॉलर नसते.

कीस सिलिंडरमध्ये पडणे हा दुसरा धोका. हेड उतरवून काम करणे सर्वांत सुरक्षित. परंतु त्यासाठी येणारा खर्च पाहता बहुतेक दुरुस्त्या हेड जागेवर ठेवूनच होतात. अशा वेळी त्या सिलिंडरच्या झडपा बंद व पिस्टन खाली राहील अशा स्थितीत इंजिन ठेवतात, टॅपच्या खाचांत घट्ट ग्रीस भरतात आणि दर दोनतीन फेऱ्यांनी टॅप पूर्ण बाहेर काढून पुसतात. शेवटी बारीक नळी लावलेल्या व्हॅक्यूमने सिलिंडर साफ करून भोकातून दुर्बिणीने तपासणी करतात. वरचे आटे तिरक्या प्लगने बिघडले पण खालचे शाबूत आहेत, अशा वेळी एक वेगळे हत्यार उपयोगी पडते. ते मिटलेल्या अवस्थेत आत सोडून खाली उघडतात व चांगल्या आट्यांना धरून खालून वर फिरवत आणतात. त्यामुळे मूळ चाल सापडते.

हेडचे बोल्ट

हेडच्या बोल्टांचे आटे ब्लॉकमधून उपटून येणे हा मोठा बिघाड असून तो पुष्कळदा गॅस्केट गेल्याच्या रूपाने दिसतो. कॅडिलॅकच्या १९९३ पासूनच्या नॉर्थस्टार व्ही-८ इंजिनाचे उदाहरण याबाबत सुपरिचित आहे. या ॲल्युमिनियम ब्लॉकमध्ये बोल्टांची पकड सैल होऊन कूलंट जाऊ लागे. केवळ नवे गॅस्केट घातलेली इंजिने पुन्हा उघडावी लागत, कारण मूळ दोष भोकांत होता. टिकाऊ दुरुस्ती म्हणजे ब्लॉकवर मार्गदर्शक पट्टी बांधून सगळ्याच भोकांत बुश बसवणे, किंवा जाड आट्यांचे स्टड घालणे. फक्त निखळलेल्या एकदोन भोकांत बुश बसवण्याची काटकसर सहसा अंगलट येते. शेजारची भोकेही तितकीच थकलेली असतात.

ॲल्युमिनियमहूनही मऊ अशा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूत हाच प्रश्न आणखी तीव्र होतो. फोक्सवॅगन बीटलच्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या क्रँककेसमधून स्टड उपटले जात. पुढे कारखान्यातूनच पोलादी बुश बसवलेल्या क्रँककेस येऊ लागल्या. पोर्शे ९११ च्या १९७० च्या दशकातील २.७ लिटर इंजिनांच्या पुनर्बांधणीत सर्व स्टडांना बुश बसवणे हा आज नेहमीचा भाग मानला जातो.

वेल्डिंग

भोकाभोवतीचा धातूच तुटून गेला असेल तर आर्गॉन वायूच्या टिग वेल्डिंगने जागा भरून तेथे नव्याने भोक व आटे पाडतात. मात्र वेल्डिंगच्या उष्णतेने आसपासच्या धातूवरील उष्णताप्रक्रियेचा परिणाम जातो व तो मऊ पडतो, म्हणून भरलेल्या जागीही पुन्हा बुश बसवणे हितावह ठरते. हेड वाकल्यास त्याचा पृष्ठभाग यंत्रावर सपाट करून घ्यावा लागतो.

पुन्हा आवळताना

बुश बसवल्यावरही पिळाचा आकडा उत्पादकाने मूळ ॲल्युमिनियमसाठी दिलेलाच ठेवतात. ॲल्युमिनियम हेडमध्ये गॅस्केटवाल्या १४ मिमीच्या प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीच्या प्लगला १५ ते २० आणि १० मिमीच्या प्लगला १० ते १२ न्यूटन-मीटर पुरतात. टॉर्क रेंच जवळ नसेल तर गॅस्केट असलेला नवा प्लग हाताने टेकल्यानंतर अर्धा ते दोनतृतीयांश फेरा आवळतात. शंकूच्या बैठकीच्या प्लगला फेऱ्याचा सोळावा भागच पुरेसा असतो. प्लग इंजिन थंड असतानाच काढावा व बसवावा. गरम हेडमध्ये आवळलेल्या प्लगभोवती हेड थंड होताना आकसते आणि तो पुढच्या वेळी निघताना आटे घेऊन निघतो. जाम होऊ नये म्हणून लावायच्या वंगणाबाबत मतभेद आहेत. प्लगवर मुलामा असल्यास काही उत्पादक ते लावूच नये असे सांगतात, कारण त्याने घर्षण घटून प्लग जास्त आवळला जातो.